वाटेवरचा खानदेश

खानदेशातला माणूस पुण्या-मुंबईकडे गेला आणि कोणी त्याला 'आपण कुठले?' असे विचारले, की पुढचे बोलणे कसे होणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. 'जळगावचा' म्हटले की समोरचा म्हणतो, 'अरे वा, केळीवाले!' 'भुसावळचा' म्हटले की म्हणतो, 'बाप रे, काय ते तुमचे ऊन!' आणि 'धुळ्याचा' म्हटले तर थोडे थांबून म्हणतो, 'आग्रा रोडवर लागते तेच ना?' मग आपणही भरिताचे नाव काढतो, शेवभाजीचे वर्णन करतो, जळगावच्या सोन्याचा चोखपणा सांगतो, आणि तिथे आपला अभिमान संपतो.

हे सारे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण हे असे का झाले, असे जर त्या गृहस्थाने विचारले, तर? इथली बोली गुजरातीच्या वळणाची का? केळी इथेच का? जिल्ह्याच्या पाटीवर कुठेही नसलेले 'खानदेश' हे नाव अजून लोकांच्या तोंडी का? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे एक मौज दिसते. आपल्या बहुतेक साऱ्या तऱ्हा एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात. ती गोष्ट म्हणजे, आपला मुलूख वाटेवरचा आहे. आज तेवढेच सांगायचा विचार आहे.

प्रथम जमीन पाहू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्ये तापीचे लांबट खोरे. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, पण नर्मदा आणि तापी या दोघी पश्चिमेचा रस्ता धरतात. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर चालून सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेत चांगदेव गावाजवळ तिला पूर्णा भेटते. मग दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा येतात, तर सातपुड्यातून अनेर उतरते. म्हणजे आपले सारे पाणी गुजरातेकडे जाते. आणि जिकडे पाणी जाते तिकडे बैलगाडीही सोपेपणाने जाते, बरे का! व्यापारी, फौजा, गुरेढोरे घेऊन फिरणारे लोक आणि यात्रेकरू याच खोऱ्यातून आले-गेले. वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर आणि असीरगड. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्यांचा तो दरवाजाच होता.

उन्हाचे कोडेही या जमिनीतच सुटते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. पुण्याची उंची आपल्याला नाही आणि मुंबईचा समुद्र आपल्याजवळ नाही. त्यात जमीन काळी. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर गेला तर नवल कसले? आपल्या वाडवडिलांनी याला उत्तर शोधले होते ते धाब्याच्या घरांचे. मातीच्या जाड भिंती, वर लाकडे आणि त्यांवर मातीचा जाड थर. दिवसा आत गारवा, रात्री अंथरूण धाब्यावर. आज सिमेंटच्या छताखाली पंख्याचा गरम वारा घेत बसलेल्या नातवाने आजोबांच्या या अकलेला हसू नये.

आता नावाची गंमत ऐका. 'खानदेश' कशावरून? कोणी म्हणतो कान्हादेश, म्हणजे कृष्णाचा देश. येथील अहीर हे गवळी, म्हणून हा तर्क लोकांना गोड वाटतो. कोणी यादवांच्या सेऊणदेशाशी नाते जोडतो. आणि इतिहासात सर्वात जास्त सांगितले जाते ते असे की, थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर येथे राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याला गुजरातच्या सुलतानाने 'खान' हा किताब दिला, आणि खानाचा देश तो खानदेश. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला 'दानदेश' असे नाव दिले. बादशहाचे फर्मान ते! पण लोकांनी काही ते तोंडात बसू दिले नाही. थोड्याच काळात पुन्हा खानदेश ते खानदेशच.

पुढे इंग्रजी अंमल आला. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. बुऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात आहे. म्हणजे आज सरकारी नकाशात 'खानदेश' नावाचा एकही जिल्हा नाही. तरी लग्नाच्या बोलण्यात, बाजारात, आगगाडीच्या डब्यात आपण विचारतो, 'खानदेशातले का?' नाव कागदावर नसून तोंडात टिकले.

आता या तोंडातल्या भाषेकडेच वळू.

'रामाचा मुलगा' याला अहिराणीत म्हणतात 'रामना आंडोर'. गुजरातीत 'चा, ची, चे' ऐवजी 'नो, नी, नुं' येते, आपल्याकडे 'ना, नी, नं'. मराठीत 'आहे', गुजरातीत 'छे', आपल्याकडे 'शे'. 'तू कुठे चालला आहेस?' याला आपण म्हणतो, 'तू कथा जाई ऱ्हायना?' हिंदीतले 'जा रहा' आणि गुजरातीतले 'जई रह्यो' यांच्या शेजारी हे 'जाई ऱ्हायना' ठेवून पाहा, तिघे एका पंगतीला बसलेले दिसतील. आणि 'मला भूक लागली' याचे 'माले भूक लागनी' करताना मराठीशी असलेले नातेही तुटत नाही. वाटेवर राहणाऱ्या माणसाच्या भाषेत येणाऱ्या-जाणाऱ्याचे शब्द उतरणारच. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातील भाषांची मोठी पाहणी केली, तिच्या १९०७ साली निघालेल्या भागात त्याने खानदेशीची गणना मराठीबरोबर न करता भिल्ली बोलींबरोबर केली. आपले मराठी अभ्यासक तिला बहुधा मराठीची बोली मानतात. हा वाद विद्वानांवर सोडू. पण एक लक्षात ठेवावे. अहिराणी म्हणजे कोणीतरी बिघडवलेली मराठी, ही समजूत चुकीची आहे. तिला तिचे व्याकरण आहे, तिचे प्रत्यय आहेत, आणि ते नियमाने चालतात.

शिवाय साऱ्या खानदेशाची बोली एक नाही. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूला अहिराणी, तर यावल, रावेर, भुसावळ या पूर्वेच्या भागात लेवा बोली, जामनेरकडे तावडी, आणि सातपुड्यात पावरा व भिल्ल बांधवांच्या बोली. या पूर्वेकडच्या बोलीतूनच बहिणाबाई चौधरी ओव्या रचीत. जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला. लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता जे सुचे ते गात. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. जळगावला १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला लाभावे आणि ते कोणाला खटकू नये, यापेक्षा बोलीचा मोठा मान कोणता?

शेतकरी मंडळींनी आता जरा कान द्यावा, कारण पुढची गोष्ट पाण्याची आहे.

पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे. हे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, तर दुसऱ्यात भुसार, आणि वर्षावर्षाला पालट. पाणी देण्याचे काम ज्याच्या त्याच्या हाती नसे, त्यासाठी पाटकरी ठेवलेला असे. राखणीला जागल्या आणि वरून देखरेखीला हवालदार. पाट साफ करायचा झाला की ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा.

पण यातली खरी खुबी निराळीच आहे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाऊस कमी झाला म्हणजे पंच ठरवीत की यंदा चारांपैकी दोनच फड भिजवायचे. मग काय होई? वरच्या शेतकऱ्याचे भिजले आणि खालच्याचे वाळले, असे होत नसे. सगळ्यांचेच थोडे भिजे आणि सगळ्यांचेच थोडे कोरडे राही. दुष्काळ आला तर तोही वाटून घ्यायचा! आज मोठमोठ्या परिषदांतून पाण्याच्या समान वाटपाची चर्चा होते, तिथे या फडांचा दाखला दिला जातो. पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी वाढल्या, वाटण्यांनी जमिनीचे तुकडे झाले, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. जिथे अजून बंधारे उभे आहेत तिथे गुरुजींनी वर्ग घेऊन एकदा तरी जावे. जाताना मुलांना हेही सांगावे, की १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेल्या एका तरुण इंजिनिअरला अगदी सुरुवातीलाच पांझरेच्या एका पाटावर नळाचा सायफन बांधण्याचे काम मिळाले होते. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

केळीचेही तसेच. तापीकाठची खोल काळी माती, विहिरींचे पाणी, आणि उन्हाळ्याच्या झळा अडवायला बागेभोवती लावलेली शेवरी, हे झाले शेतकऱ्याचे काम. पण पिकलेली केळी जागेवरच राहिली असती तर तिचे काय झाले असते? रावेर, निंभोरा, सावदा ही गावे रेल्वेच्या मार्गावर, म्हणून केळीने दिल्लीचा बाजार गाठला. १८६० नंतरच्या दहा वर्षांत रेल्वे भुसावळला आली आणि तिथून तिला दोन फाटे फुटले. एक नागपूरकडे गेला, दुसरा इटारसी-जबलपूरकडे. तापीच्या काठाने सुरतेचाही रूळ आला. धुळ्याला तर आग्र्याचा, सुरत-नागपूरचा आणि सोलापूरचा असे तीन मोठे रस्ते भेटतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मालावर या भूमीची मोहोर आहे, असे सरकारने मान्य केले.

आता वांग्याचे नाव निघालेच आहे, तर पंगतीलाही बसू. बामणोदची वांगी मोठी, हिरवट-पांढरी आणि कमी बियांची. ती भाजायला जाळ लागतो कपाशीच्या वाळल्या काड्यांचा. कापूस आपल्याकडे मुबलक, म्हणून हा जाळही मुबलक. लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ती ठेचली, वर कांद्याची पात घातली, की जोडीला कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळले म्हणजे कळणा झाला. ज्वारी आणि उडीद, दोन्ही आपल्याच वावरातले. उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळेनाशी होते, तेव्हा डब्यातली शेव, डाळीच्या पिठाची पाटवडी आणि वाळवणातले ज्वारीचे बिबडे मदतीला येतात. शेवभाजी आज हॉटेलच्या पाटीवर चढली आहे, पण तिच्या मागे मे महिन्यातले रिकामे माळवे आहे हे विसरू नये. आणि पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे करणारी बाई पाहिली नसेल, तर ती आधी पाहून घ्यावी. हातावर एवढा मोठा मांडा पेलायचा हे येरागबाळ्याचे काम नोहे.

वाटेवरच्या गावाला आणखी एक गुण अंगी बाणवावा लागतो. आलेल्याला जागा द्यावी लागते. आपल्याकडे किती माणसे बाहेरून आली आणि इथे राहून केवढी कामे करून गेली! इतिहासाचार्य राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यास होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला, आणि त्यांच्या दप्तरांसाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. ते अमळनेरला आले आणि १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात शिकवले. त्याच गावी प्रतापशेटांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले होते. गिरणीचा मालक तत्त्वज्ञानासाठी संस्था काढतो, हीही एक तऱ्हाच नाही का? विनोबांना तर सरकारनेच कैदी म्हणून धुळ्याच्या तुरुंगात ठेवले होते. १९३२ मध्ये त्यांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक देशभर गेले, पण त्याचे मूळ धुळ्याच्या तुरुंगातले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला झाले. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. आणि जगभर पसरलेली विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी निघाली होती. तेव्हा घेऊन ठेवलेल्या शेअरांमुळे कोणाकोणाचे दैव कसे उघडले, याच्या गोष्टी अमळनेरात आजही रंगवून सांगतात.

इथे गुरुजनांसाठी एक छोटीशी सूचना. चांगदेव या नावाशी मुले हमखास घोटाळा करतात. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे ते योगी चांगदेव, ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणारे. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखातला चांगदेव निराळा. तो गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापन झाला, त्याला दान दिल्याचा तो १२०७ सालचा लेख आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात गणिताची शाळा होती, हे मुलांना कळले तर गणिताचा तास त्यांना एवढा परका वाटणार नाही.

वाट म्हटली की येणे तसे जाणेही आले. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ मध्ये जन्मलेल्या राम सुतारांनी नर्मदेकाठी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळाले. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. आणि ज्यांची नावे कुठे छापून येत नाहीत अशी आपली हजारो माणसे सुरतेच्या उधना-लिंबायतीत, नाशिकच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या बांधकामांवर राबत आहेत. पण आखाजीला लेक माहेरी येते, निंबाच्या झाडाला झोका बांधला जातो, आणि सालदाराचे नवे साल त्या दिवशी सुरू होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रोटासाठी सारी भाऊबंदकी एका घरात जमते. एरवी वर्षभर बांधावरून भांडणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. त्या आठवड्यात सुरत-भुसावळ गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तर मला कळवा!

श्रोतेहो, इथवर गोड झाले. आता थोडे कडू.

२००१ च्या जनगणनेत आपली भाषा खानदेशी असल्याचे सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार लोक होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार राहिले. माणसे वाढली आणि बोलणारे घटले. २०११ मध्ये आपल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ७९ लाखांच्या घरात होती, हे लक्षात घ्या. यात सगळेच बोली विसरले असे मी म्हणत नाही. पुष्कळांनी दारात आलेल्या माणसाला 'लिहा मराठी' असे सांगून वेळ मारून नेली असेल. पण तसे का सांगावेसे वाटले, हा प्रश्न उरतोच. माझ्या वर्गात दरवर्षी खेड्यावरची मुले येतात. व्हरांड्यात एकमेकांशी अहिराणीत खळखळून बोलतात आणि मी जवळ गेलो की एकदम गप्प होतात. मग जपून जपून पुस्तकी मराठी सुरू होते. विचार त्यांच्याजवळ असतो, पण 'हसतील' या भयाने तो अर्धाच बाहेर येतो. भरिताचा अभिमान वाटतो आणि भरीत करणाऱ्या आईच्या भाषेची लाज वाटते, हा कसला अभिमान?

प्रमाण मराठी शिकवू नये, असे मी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे. परीक्षा, कचेरी, वर्तमानपत्र, सारे तिच्यातच चालते. पण एक शिकायला दुसरी पुसावी लागत नाही. दोन बैल असले तर शेतकरी एक विकून नांगर धरीत नाही. पहिलीतले पोर 'माले पानी दे' म्हणाले, तर 'असे नाही बोलायचे' म्हणून त्याला गप्प करू नका. आधी पाणी द्या, आणि मग सांगा, 'हे आपल्या घरचे बोलणे, आणि पुस्तकात हेच असे लिहितात.' पोराला दोन्ही येतील.

मोठ्या वर्गांना एक काम द्या. प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून दहा शब्द आणायचे: वावराचे, अवजारांचे, नात्यांचे, स्वयंपाकघरातले. धुळ्याकडच्या मुलांनी फडांची, पाटांची, बंधाऱ्यांची जुनी नावे लिहून घ्यायची. मुलींनी आजीकडून कानबाईची आणि आखाजीची गाणी उतरून घ्यायची. याला पैसा लागत नाही, वरून हुकूम यावा लागत नाही. एक शंभर पानी वही पुरे. पण उशीर करू नका. ती गाणी पाठ असलेल्या बाया आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, आणि शेवटचे पाटकरीही थकले आहेत.

आणि पुढच्या वेळी परगावी कोणी विचारले, 'आपण कुठले?' तर केळीचे नाव अवश्य घ्या. पण गडी जरा ऐकणारा दिसला तर त्याला फडाची गोष्ट सांगा, दानियालच्या फुकट गेलेल्या फर्मानाची सांगा, आणि एखादे वाक्य अहिराणीत बोलून दाखवा. तो हसेल कदाचित. हसू द्या. थोड्या वेळाने तोच विचारील, 'आंडोर म्हणजे काय हो?'